वाऱ्याच्या तोंडावर चालून जाणारी होडी

या, बसा अशा जवळ, आणि तो कंदील जरा अलीकडे घ्या, कारण शिडाची गोष्ट हात हलवल्याशिवाय सांगता येत नाही.

शिडाची होडी म्हटली की घाटावरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: मागून वारा सुटलाय, शीड टम्म फुगलंय आणि होडी आपली ढकलली जातेय. खोटं नाही ते. पण तेवढंच असतं तर वाऱ्यासोबत गेलेला तांडेल घरी कसा आला असता? वारा काही कुणाच्या सोयीनं तोंड फिरवत नाही. तरी तांडेल येतो, जिकडून वारा येतोय नेमका तिकडेच येतो, ना वल्हं ना इंजिन. सगळ्या दर्यात याहून मोठी करामत मला तरी ठाऊक नाही.

वारा अगदी नाकासमोर घेतलात तर शीड नुसतं फडफडतं आणि होडी उलटी मागं सरकू लागते. पण नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यापासून साधारण ४५ अंश कलती धरायची आणि दोर ओढून शीड आवळायचं, की ते पोट काढून ताठ उभं राहतं. त्या फुगीर बाजूनं वारा झरझर पळतो, तिथला दाब उतरतो आणि शीड तिकडे ओढलं जातं. विमानाच्या पंखाला वर उचलणारं बळ ते हेच, इथं फक्त पंख उभा केलेला. आता ही ओढ बरीचशी आडवी, पुढे नेणारा वाटा थोडाच. मग होडी आडवीच का वाहून जात नाही? तर तिच्या पोटाखाली कील असते, पाण्यात उभी रोवल्यासारखी. पुढं जाताना ती पाणी कापते, पण आडवं जायचं म्हटलं तर केवढं तरी पाणी रेटावं लागतं. बरक्या फणसाची बुळबुळीत आठळी दोन बोटांत दाबली की ती दाबल्या दिशेला जातच नाही, सुळकन तिसरीकडेच सुटते, आणि बहुतेक वेळा समोर बसलेल्या आत्याच्या लुगड्यावर जाते. होडीचंही तसंच. वारा आणि पाणी यांच्या चिमटीत सापडते आणि पुढं निसटते.

असं थोडं उजवीकडे, मग वळून थोडं डावीकडे, नागमोडी करत वाऱ्याच्या घरापर्यंत जायचं. आजचे शिडवाले या वळण्याला टॅक म्हणतात, आणि तेव्हा नाळ वाऱ्याच्या आरपार फिरवतात. आपल्या जुन्या पडावांना ते जड जाई, कारण त्यांचं तिरकं शीड लांबलचक लाकडाला बांधलेलं, ते डोलकाठीच्या या अंगाहून त्या अंगाला न्यायचं म्हणजे साऱ्या खलाशांचा घाम. म्हणून तांडेल बहुधा उलटा फेरा घेई, पाठ वाऱ्याला देऊन. आणि शहाणा असेल तर वाट पाही: पहाटे डोंगराकडून मतलई वारा सुटला की तो धरून उत्तरेला सरकायचं, दुपारी वायव्येचा खारा वारा नाकावर आला की बंदर गाठायचं. वाट पाहणं हीसुद्धा दर्यावर्द्याची विद्याच आहे बरं.

नवशिकेपणा सरला की शिडवाल्याला दुसरं नवल कळतं, ते भासणाऱ्या वाऱ्याचं. समजा वारा ताशी २० किलोमीटर आहे आणि तुम्ही त्याच्याच दिशेनं १० नं चाललाय. अंगाला वारा लागतो फक्त १० चा, ऊन चटचटतं, झोप येते, वाटतं किती शांत दुपार. आता तीच होडी त्याच वेगानं वाऱ्याकडे ४५ अंशांवर वळवा. अंगावर येतो २८ चा! वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे शिडावर जवळजवळ आठपट भार, आणि होडी एका अंगावर कलंडते. समुद्रात काहीच बदललेलं नसतं, बदललेलं असतं तुमचं तोंड. म्हणून वळायच्या आधीच शीड खाली घेऊन त्याचा घेर आखडायचा. आखडावं का, असं मनात पहिल्यांदा आलं, तेव्हाच आखडावं. नंतर हात कमी पडतात.

जगाला फेरी घालणारे तर वाटच वाऱ्याला विचारून ठरवतात. शिडावर अशी फेरी घालायची कल्पना आपल्या नौदलात रुजवली व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी, जे निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले, जिथून समुद्र दिसायचा प्रश्नच नाही. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' नावाची शिडाची होडी बांधली आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकटे तिच्यातून पृथ्वीला वळसा घालून आले. दक्षिणेत ते पूर्वेकडे निघाले, कारण तिथं पश्चिमेचे वारे जवळपास बाराही महिने पाठीशी असतात.

वाट कुठलीही असो, शीड नेमकं किती आवळायचं, हे कसं कळतं? त्यासाठी कापडाच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे वीतभर धागे चिकटवलेले असतात. दोन्ही धागे मागं सरळ वाहत असले की सगळं जमलंय. वाऱ्याच्या बाजूचा नाचू लागला तर दोर थोडा ओढा, किंवा नाळ वाऱ्यापासून जरा लांब न्या. पलीकडचा लोळू लागला तर दोर सैल सोडा. कापडातून त्याची सावली दिसते, ती बघायची. चांगला शिडवाला तासन्‌तास त्या दोन धाग्यांकडे बघत बसतो.

आता पुन्हा त्या भासणाऱ्या वाऱ्याकडे येऊ, तो कुठवर नेतो बघा. मागून वारा असेल तर होडी कितीही पळाली तरी वाऱ्याइतकी पळताच वाऱ्याचा रेटा संपतो, शीड लोंबतं. पण वारा आडवा घेतला की होडी जितकी पळते तितका तिचा स्वतःचा वारा त्यात मिळतो, आणि पाण्याचा अडसर नसेल तर? ऑस्ट्रेलियात लेक गेर्डनर नावाचं मिठाचं तळं आहे, बहुतेक कोरडंच. तिथं २०२२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्याच ग्लेन ॲशबी यांनी शिडावर चालणारी चाकांची गाडी ताशी २२२.४ किलोमीटर वेगानं पळवली. इंजिन नाही, काही नाही. आणि त्या दिवशी वारा होता सुमारे ४० चा.