वोकिंग : टाटांच्या समाधी आणि मंगळवासीयांचे गाव
लंडनपासून अर्ध्या तासावर असलेल्या चाकरमान्यांच्या शहरात एक दिवस कसा घालवावा?

लंडनला जाणाऱ्या मराठी पर्यटकाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बकिंगहॅम राजवाडा, टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम आणि एखादा दिवस हाताशी उरलाच, तर ऑक्सफर्ड किंवा स्टोनहेंज. वॉटर्लू स्थानकावरून सुटणाऱ्या गाड्यांच्या फलकावर 'वोकिंग' हे नाव दर काही मिनिटांनी झळकत असते. पण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सरे परगण्यातील हे शहर लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारे ३७ किलोमीटरवर आहे. सकाळी गाडी पकडून लंडनच्या कचेरीत जायचे आणि सायंकाळी परतायचे, हाच येथील हजारो रहिवाशांचा दिनक्रम. २०२१च्या जनगणनेनुसार वोकिंग बरोची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर होती. पर्यटनस्थळ म्हणून या शहराचा लौकिक नाही. तरीही भारतीय, आणि त्यातही मुंबईकर, पाहुण्यासाठी येथे एका दिवसात पाहण्याजोगे जे आहे, ते लंडनच्या कोणत्याही संग्रहालयात सापडणार नाही.

स्मशानातून उभे राहिलेले शहर

वोकिंगची जन्मकथाच विलक्षण आहे. वेय नदीकाठचे जुने वोकिंग हे मूळ खेडे. १८३८मध्ये लंडन-साउदॅम्प्टन रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा स्थानक या खेड्यापासून दूर, ओसाड माळरानावर बांधण्यात आले. पुढे जवळपास दोन दशके स्थानकाभोवती फारशी वस्ती नव्हती.

दरम्यान लंडनमध्ये वेगळेच संकट उभे राहिले होते. वाढत्या लोकसंख्येमुळे चर्चच्या आवारातील दफनभूमी ओसंडून वाहत होत्या आणि १८४८-४९च्या कॉलऱ्याच्या साथीने परिस्थिती असह्य झाली. शहराबाहेर एकच भव्य दफनभूमी उभारावी आणि मृतदेह रेल्वेने तेथे न्यावेत, अशी कल्पना पुढे आली. त्यासाठी १८५२मध्ये संसदेच्या कायद्याने 'लंडन नेक्रोपोलिस कंपनी' स्थापन झाली. कंपनीने वोकिंगच्या माळरानावर दोन हजार एकरांहून अधिक जमीन विकत घेतली आणि त्यातील सुमारे पाचशे एकरांवर ब्रुकवुड दफनभूमी आखली. १८५४च्या नोव्हेंबरमध्ये तेथे पहिले दफन झाले.

प्रत्यक्षात अपेक्षेइतके मृतदेह आले नाहीत आणि कंपनीकडे जमीन मात्र पडून राहिली. ती हळूहळू विकण्यास सुरुवात झाली. स्थानकाजवळचे तुकडे घरबांधणीसाठी गेले; लंडनमध्ये नोकरी आणि मोकळ्या हवेत घर, हे मध्यमवर्गाला परवडू लागले. आजचे वोकिंग हे अशा प्रकारे एका दफनभूमीच्या शिल्लक जमिनीवर वाढलेले शहर आहे.

भोपाळच्या बेगमच्या नावाची मशीद

वॉटर्लूहून जलद गाडीने वोकिंगला पोहोचण्यास साधारण अर्धा तास लागतो. स्थानकावरून ओरिएंटल रोडने पूर्वेकडे पंधरा मिनिटे चालत गेल्यास झाडांच्या आडून एक हिरवा घुमट दिसू लागतो. ही शाहजहान मशीद. तिच्या नावातील शाहजहान हा मुघल बादशहा नसून भोपाळच्या राज्यकर्त्या शाहजहान बेगम आहेत. त्यांनी दिलेल्या देणगीतून १८८९मध्ये ही वास्तू उभी राहिली. मशीद म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधील ही पहिली इमारत होय.

तिच्या मागे होते डॉ. गॉटलिब विल्हेल्म लाइटनर. हंगेरीत ज्यू कुटुंबात जन्मलेले हे भाषापंडित लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचे पहिले प्राचार्य होते. इंग्लंडला परतल्यावर पौर्वात्य भाषा आणि संस्कृती यांच्या अभ्यासासाठी त्यांनी वोकिंगमध्ये संस्था काढली आणि तेथे येणाऱ्या मुस्लिमांसाठी मशीद बांधली. १८९९मध्ये त्यांचे निधन झाले, संस्था बंद पडली आणि मशिदीलाही टाळे लागले. १९१३च्या सुमारास लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन यांनी ती पुन्हा सुरू केली. आता ही वास्तू संरक्षित इमारतींच्या सर्वोच्च श्रेणीत गणली जाते.

मूळ मशीद आकाराने अगदी लहान आहे. इंग्रज वास्तुविशारद विल्यम आय. चेंबर्स यांनी ती मुघल धाटणीत बांधली; त्यामुळे सरेच्या दगडविटांच्या घरांच्या ओळीत ती चित्रातून उचलून ठेवल्यासारखी वाटते. हे नित्य प्रार्थनेचे स्थान असल्याने शुक्रवारची दुपार टाळावी, अंगभर कपडे घालावेत आणि आत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

सत्तावीस भूर्जवृक्ष

मशिदीकडून रेल्वेमार्ग ओलांडून उत्तरेकडे निघाले, की हॉर्सेल कॉमन हे विस्तीर्ण माळरान लागते. त्याच्या कडेला विटांच्या भिंतींनी वेढलेला, घुमटाकार प्रवेशद्वाराचा एक चौकोन आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांवर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील रुग्णालयांत उपचार होत. जे वाचले नाहीत, त्यांपैकी हिंदू व शीख सैनिकांवर ब्रायटनजवळच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. तेथे आज 'छत्री' हे स्मारक उभे आहे. मुस्लिम सैनिकांचे दफन धर्मविधीनुसार होत नाही, असा प्रचार जर्मनीने चालविला होता. भारतीय पलटणींच्या मनावर त्याचा परिणाम होऊ नये, म्हणून ब्रिटिश सरकारने मशिदीजवळची ही जागा निवडली.

दोन्ही महायुद्धे मिळून येथे २७ सैनिकांचे दफन झाले. पुढे जागा एकाकी पडली, नासधूस होऊ लागली आणि १९६८मध्ये सर्व अवशेष ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत हलविण्यात आले. रिकामी वास्तू अनेक वर्षे तशीच झिजत राहिली. अखेर जीर्णोद्धार होऊन २०१५मध्ये तेथे 'पीस गार्डन' खुले झाले. प्रत्येक सैनिकामागे एक याप्रमाणे हिमालयातील भूर्जाची २७ झाडे तेथे लावली आहेत. मध्ये पाण्याची अरुंद पट्टी आणि भारतीय ग्रॅनाइटचा स्मृतिफलक, याखेरीज येथे काहीही नाही.

मंगळवासीय येथेच उतरले

हॉर्सेल कॉमनला जागतिक ओळख मिळवून दिली ती मात्र एका कादंबरीने. एच. जी. वेल्स १८९५मध्ये वोकिंगच्या मेबरी रोडवर राहण्यास आले. सायकलवरून आसपासचा परिसर पालथा घालताना कोणते घर, कोणता रस्ता आणि कोणती माणसे परग्रहावरून आलेल्या शत्रूंच्या तडाख्यात सापडतील, याची ते मनाशी टिपणे करीत. त्यातून 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' आकाराला आली. १८९८मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कादंबरीत मंगळावरून आलेले पहिले नळकांडे हॉर्सेल कॉमनवरील वाळूच्या खाणीत पडते. ती खाण आजही आहे. पावसाळी दिवसांत तिच्या तळाशी पाणी साचते आणि एरवी मुले तेथे वाळूत खेळतात. मंगळवासीयांच्या उष्णकिरणांतून लाइटनर यांची संस्था आणि मशिदीचा कळसही सुटत नाहीत, हे मशीद पाहून आलेल्या वाचकाला विशेष जाणवेल.

शहराच्या मध्यभागी तीन पायांचे सुमारे सात मीटर उंच पोलादी 'मंगळयंत्र' उभे आहे. मायकल कॉन्ड्रन यांचे हे शिल्प कादंबरीच्या शताब्दीनिमित्त १९९८मध्ये बसविण्यात आले.

कालवा आणि बेडसर बंधू

दुपारच्या विश्रांतीसाठी बेसिंगस्टोक कालव्याचा काठ उत्तम. अठराव्या शतकाच्या अखेरीस मालवाहतुकीसाठी खोदलेल्या या कालव्याच्या कडेने घोड्यांसाठी केलेली वाट आता पादचारी आणि सायकलस्वारांसाठी आहे. काठावरच 'द लाइटबॉक्स' हे संग्रहालय आहे. 'लंडन आय' या पाळण्याचे वास्तुविशारद मार्क्स बारफील्ड यांनीच त्याचा आराखडा केला असून ते २००७मध्ये सुरू झाले. शहराचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल, तर येथे तासभर द्यावा.

शेजारच्या पादचारी पुलापाशी अलेक आणि एरिक बेडसर या जुळ्या क्रिकेटपटूंचे पुतळे आहेत. दोघेही वोकिंगमध्ये वाढले. भारतीय क्रिकेटप्रेमींना अलेक बेडसर यांचे नाव नवे नाही. १९४६मध्ये भारताविरुद्ध लॉर्ड्सवर त्यांनी कसोटी पदार्पण केले आणि ११ बळी घेतले. मँचेस्टरच्या पुढच्याच कसोटीत पुन्हा ११. विजय मर्चंट, विजय हजारे, विनू मंकड यांच्या संघाला हैराण करणारा हा गोलंदाज पुढे ५१ कसोटींत २३६ बळींपर्यंत पोहोचला.

ब्रुकवुड : जेथे मुंबई विसावली आहे

दिवसाचा उत्तरार्ध मात्र ब्रुकवुडसाठी राखून ठेवावा. वोकिंगच्या पुढचेच हे स्थानक. गाडीला जेमतेम पाच-सहा मिनिटे लागतात आणि स्थानकातूनच दफनभूमीकडे वाट जाते. एकेकाळी वॉटर्लूजवळच्या खास स्थानकातून मृतदेह व शोकाकुल नातेवाईक यांना घेऊन गाडी थेट दफनभूमीच्या आत येत असे. जिवंतांप्रमाणे मृतांसाठीही पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग होते. नातेवाइकांना परतीचे तिकीट मिळे, शवपेटीला एकेरी. १९४१च्या बॉम्बहल्ल्यात लंडनचे ते स्थानक उद्ध्वस्त झाले आणि ही सेवा कायमची थांबली. आतापर्यंत दोन लाखांहून अधिक माणसे येथे विसावली आहेत.

गर्द झाडीतून चालत गेल्यावर पारशी विभाग लागतो. ब्रिटनमध्ये दोखमा नसल्याने तेथे मृत्यू पावणाऱ्या पारशी बांधवांसाठी स्वतंत्र जागेची गरज होती. १८६१मध्ये लंडनमधील पारशी व्यापाऱ्यांनी धर्मनिधी स्थापन केला. त्यात दादाभाई नौरोजी यांचाही पुढाकार होता. लगोलग ब्रुकवुडमध्ये ही जागा घेण्यात आली. येथील मोठ्या समाध्यांवर प्राचीन इराणी स्थापत्याची छाप आहे.

त्यांतील एक जमशेटजी टाटा यांची. १९०४च्या मे महिन्यात जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. पोलाद कारखाना, जलविद्युत प्रकल्प आणि विज्ञान संस्था ही त्यांची तिन्ही मोठी स्वप्ने तेव्हा कागदावरच होती. धाकटे पुत्र सर रतन टाटा १९१८मध्ये इंग्लंडमध्येच वारले. तेही येथेच आहेत.

थोरले पुत्र सर दोराबजी आणि त्यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांची कहाणी मुंबईकरांना अधिक जवळची वाटेल. मेहरबाई १९३१मध्ये वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे दफन ब्रुकवुडमध्ये झाले. दोराबजींनी पुढच्याच वर्षी आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली आणि या रोगावरील संशोधनासाठी पत्नीच्या नावाने स्वतंत्र निधी उभारला. १९३२च्या जूनमध्ये पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी निघालेल्या दोराबजींना वाटेतच जर्मनीत मृत्यूने गाठले. त्यांनाही मेहरबाईंच्या शेजारीच चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या निधीतून १९४१मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून त्या रुग्णालयात येणाऱ्या लाखो रुग्णांना ज्या दुःखातून हा आधार मिळाला, त्या दुःखाची खूण या शांत झाडीत आहे.

याच विभागात जमशेटजींचे भाचे शापुरजी सकलातवाला यांच्या अस्थीही आहेत. मुंबईत जन्मलेले सकलातवाला १९२२मध्ये लंडनच्या बॅटरसीतून ब्रिटिश संसदेवर निवडून आले, ते साम्यवादी असले तरी मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून. भांडवलदार मामा आणि साम्यवादी भाचा यांना मृत्यूने एकत्र आणले. मुस्लिम विभागात कुराणाचे इंग्रजी भाषांतरकार मार्माड्यूक पिक्थॉल विसावले आहेत. १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते.

दिवाळखोर नगरपालिका, अनमोल ठेवा

ब्रुकवुड दफनभूमी वर्षानुवर्षे खासगी मालकांच्या हाती होती आणि तिची बरीच आबाळ झाली. २०१४च्या अखेरीस वोकिंगच्या नगरपरिषदेने ती विकत घेतली आणि झाडी हटविणे, रस्ते दुरुस्त करणे ही कामे सुरू झाली. तथापि २०२३च्या जूनमध्ये याच नगरपरिषदेने आपण आर्थिकदृष्ट्या दिवाळखोर असल्याची कायदेशीर नोटीस काढली. प्रवाशांचे शहर ही ओळख पुसून मोठे व्यापारी केंद्र उभारण्याच्या ईर्षेने कर्जाऊ पैशातून उंच मनोरे आणि हॉटेल बांधण्यात आले होते. त्यातून सुमारे १.२ अब्ज पौंडांची तूट समोर आली आणि अनेक नागरी सेवांना कात्री लागली. स्थानकाबाहेर पडताच दिसणारे ते गगनचुंबी मनोरे आणि ब्रुकवुडमधील शेवाळलेले दगड यांचे भवितव्य असे एकाच हिशेबवहीत अडकले आहे. अशा ठेव्याला पाहुण्यांची वर्दळ हाही एक आधार असतो.

जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

- सकाळी साडेनऊनंतरच्या गाड्यांचे भाडे बरेच कमी असते. ब्रुकवुडपर्यंतचे परतीचे तिकीट काढल्यास वाटेत वोकिंगला उतरता येते का, हे तिकीट घेतानाच विचारावे.
- रविवारी रुळांच्या दुरुस्तीमुळे गाड्या रद्द होण्याचा संभव असतो. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहावे. संग्रहालयाच्या वेळांचीही खात्री करून घ्यावी.
- मशीद, पीस गार्डन, वाळूची खाण आणि कालवा हा फेरा पायी होतो. जलरोधक बूट आणि छत्री हवीच.
- हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारून येते. त्या दिवसांत ब्रुकवुड सकाळी आणि वोकिंग दुपारी, असा क्रम ठेवावा.
- ब्रुकवुड ही आजही वापरात असलेली दफनभूमी आहे. मोठ्याने बोलणे, खाणेपिणे टाळावे. पारशी समाध्या बाहेरूनच पाहाव्यात आणि अंत्यविधी सुरू असल्यास छायाचित्रे घेऊ नयेत.