उंटाची आहुती आणि तिचा जमाखर्च

शतरंजच्या जुन्या पटावर उंटाच्या जागी उभा असलेला मोहरा तिरप्या दिशेने नेमकी दोन घरे उडी घेई, आणि त्यामुळे चौसष्टांपैकी अवघ्या आठ घरांपलीकडे त्याचा अंमल कधीच जात नसे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात नियम पालटून संपूर्ण कर्ण त्याच्या स्वाधीन झाला, तेव्हाच दुरून हल्ला चढविण्याचे सामर्थ्य त्याला प्राप्त झाले. तथापि एक उंट जन्मभर एकाच रंगाच्या बत्तीस घरांत वावरतो; म्हणून राजावर चालून जाताना दोन्ही उंट शेजारशेजारच्या कर्णांवर तैनात असणे हीच उंटांच्या आहुतीच्या विद्येची पहिली तजवीज होय.

या विद्येचा आद्य पाठ म्हणून जो डाव आजही शिकविला जातो, तो 1889 साली ॲम्स्टरडॅम येथे वीस वर्षांच्या इमॅन्युएल लास्करने योहान बाउअरविरुद्ध खेळला. चौदाव्या चालीस घोड्याची अदलाबदल आरंभून लास्करने पंधराव्या चालीस एका उंटाने किल्लेकोटातील राजाच्या हत्तीपुढचे प्यादे शह देऊन मारले. राजाने उंट घेताच वजिराने घोडा वसूल करून पुन्हा शह दिला. आणि राजा मागे हटताच दुसऱ्या उंटाने घोड्यापुढचेही प्यादे मारले. एकाच आहुतीने हे काम भागले नसते, कारण घोड्यापुढचे प्यादे जागेवर असेतो राजाचा आडोसा पुरता मोडत नाही.

परंतु खरी मौज पुढेच आहे. दुसरा उंट घेऊन उघड्यावर आलेला राजा वजिराच्या शहापुढे मध्याकडे पळता, तर वजीर प्याद्याच्या आधाराने पुढे सरकून तत्काळ मात करता. राजा कडेला गेला, तेव्हा हत्ती तिसऱ्या पंक्तीवर चढून कडेच्या उभ्या ओळीवर उतरावयास सिद्ध झाला. वजिराला आधार देणारे आणि हत्तीची वाट मोकळी करणारे प्यादे एकच, आणि ते डावाच्या पहिल्याच चालीत पुढे सरकले होते! बाउअरला हत्तीच्या मोबदल्यात वजीर द्यावा लागला. तरीही दोन उंट व एक हत्ती खर्ची घालून मिळालेला वजीर व दोन प्यादी एवढ्याने हिशेब पुरता जमेस येत नव्हता. बाविसाव्या चालीस लास्करच्या वजिराने काळ्याच्या दोन्ही उंटांवर एकदम मारा केला, एक उंट हस्तगत केला, आणि तेथेच पारडे झुकले. पहिला उंट देण्यापूर्वी या चालीपर्यंत दृष्टी पोचणे, यातच त्या तरुणाची योग्यता दिसते.

1914 साली सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत टारॅशने निमझोविचवर हाच प्रयोग केला. निमझोविचने दुसरा उंट नाकारूनही त्याचा बचाव झाला नाही. मात्र त्या स्पर्धेतील डावाच्या सौंदर्याचे पहिले पारितोषिक कापाब्लांकाच्या बर्नस्टाइनविरुद्धच्या डावास मिळाले आणि टारॅशच्या वाट्यास दुसरे आले. कल्पना पंचवीस वर्षे जुनी झाली होती, तिची उपयुक्तता मात्र तसूभरही घटली नव्हती. तेव्हा अभ्यासकाने आहुतीची चाल पाठ करण्यात धन्यता मानू नये. वजीर कोठून येणार, हत्तीला वाट आहे काय, आणि मात न झाल्यास काय वसूल होणार, या तिन्ही प्रश्नांचा निकाल लागल्यावरच उंटास हात घालावा.