वयाची अट मुलांना, अभ्यास मोठ्यांना!

एका सोशल मीडिया ॲपच्या हिशोबाने मी आज ३२ वर्षांची आहे. आधार कार्डच्या हिशोबाने २२. मधली दहा वर्षं मी स्वतःच्या हाताने वाढवलीत. २०१६ मध्ये मी सातवीत होते. अकाउंट उघडायला १३ वर्षं पूर्ण हवीत अशी अट होती आणि मला एक वर्ष कमी पडत होतं. मग १९९४ हे जन्मसाल निवडलं आणि 'पुढे' दाबलं. कुणी काही विचारलं नाही. तुमच्यापैकी किती जणांनी हेच केलंय? हात वर करू नका, घरचेही ही पुरवणी वाचत असतील.

हे आज आठवायचं कारण म्हणजे सध्या हाच वयाचा विषय जगभर तापलाय. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉक, एक्स, यूट्यूब अशा दहा ठिकाणी अकाउंट ठेवता येत नाही. आई-बाबा हो म्हणाले तरी नाही. दंड मुलांना किंवा पालकांना नाही, तो कंपन्यांना आहे आणि तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. सुरुवातीच्या काही आठवड्यांतच सुमारे ४७ लाख अकाउंट बंद झाल्याचं तिथल्या यंत्रणेने सांगितलं. आपल्या शेजारच्या गोव्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनीही जानेवारी २०२६ मध्ये अशा बंदीचा विचार सुरू असल्याचं बोलून दाखवलं.

देशभरासाठी मात्र आपला रस्ता वेगळा आहे. १३ वर्षांखालच्या मुलांना बंदी घाला, अशी मागणी सुप्रीम कोर्टात गेली होती. हा धोरणाचा प्रश्न आहे, संसदेकडे जा, असं सांगत एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने ती ऐकायला नकार दिला. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्याकडे आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुलांबद्दलच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. हा कायदा बंदी घालत नाही. तो म्हणतो, १८ वर्षांखालच्या मुलाचा डेटा घ्यायचा तर कंपनीने पालकांची पडताळलेली संमती घ्यावी. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडला तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड.

वाक्य पुन्हा वाचा. १८ वर्षांखालचं मूल. म्हणजे अकरावी-बारावीतले बहुतेक सगळे आणि एफवायच्या वर्गात बसलेले काही जणसुद्धा कायद्याच्या नजरेत 'बालक'!

फोन एक, माणसं पाच

कायदा वाचताना मला सारखी माझी मावशी आठवत होती. मी शहापूरची. आसनगावहून लोकल पकडून कॉलेजला जाणाऱ्यांपैकी. मावशी मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते. घरात माणसं पाच आणि स्मार्टफोन एक. दिवसा तो काकांबरोबर कामावर जातो, संध्याकाळी घरी आला की माझ्या आठवीतल्या मावसबहिणीच्या हातात. ती १३ वर्षांची आहे. तिचं अकाउंट आहे, पण त्याला नंबर काकांचा आणि जन्मसाल मावशीचं. म्हणजे ॲपच्या हिशोबाने रोज रात्री नऊ वाजता डान्सचे रील बघणारी ती चाळिशीतली बाई आहे.

आमच्या दोन्ही तालुक्यांत हे काही जगावेगळं नाही. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं शहापुरात आहेत, तरी उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. फोनचंही तसंच. टॉवर डोळ्यांना दिसतो, रेंजसाठी टेकडी चढावी लागते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी अकरावीत होते. व्हॉट्सॲपवर आलेला अभ्यास उतरवून घ्यायला आम्ही एका फोनभोवती चौघी बसायचो. शाळाच तेव्हा फोनमध्ये होती. त्यामुळे फोन म्हणजे नुसतं व्यसन, असं मला सरसकट म्हणता येत नाही.

आणि कातकरी, ठाकर वस्त्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलं आश्रमशाळेत, नाहीतर आजीकडे. पालकांची संमती कंपनी मागेल तेव्हा पालक असेल भिवंडीच्या भट्टीवर. आजीकडे फोन असला तर बटणाचा.

ओटीपी कुणाच्या हातात?

गेल्या वर्षी लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा मी मावशीकडे होते. महिन्याचे १५०० रुपये थांबतील म्हणून सगळा पाडा धास्तावला होता. आधार नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, मग नवऱ्याचा आधार, पुन्हा ओटीपी. हे सगळं केलं माझ्या १३ वर्षांच्या मावसबहिणीने. आईचं झालं, मग शेजारच्या दोन काकूंचं. मावशी बाजूला बसून नुसती बघत होती. "मला काय कळतंय त्यातलं, तीच बघते सगळं," म्हणाली.

आता या घरात 'पडताळलेली संमती' कशी चालेल, याचा विचार करा. नियमांनुसार कंपनीने खात्री करायची की होकार देणारी व्यक्ती सज्ञान आहे. त्यासाठी तिच्याकडे आधीपासून असलेली ओळखीची माहिती चालेल, किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतून आलेली. छान. पण मावशीचा ओटीपी ज्या फोनवर येणार, तो फोन लेकीच्या हातात. आईच्या वतीने 'मी सहमत आहे' लेकच दाबणार. कागदोपत्री सगळं बरोबर!

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे जी फारशी कुणी सांगत नाही. संमतीची विनंती सोप्या भाषेत हवी आणि ती इंग्रजीत नको असेल तर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत मिळायला हवी. म्हणजे मराठीत. हा मावशीचा हक्क आहे. फक्त तो वापरायला तिला आधी फोन स्वतःच्या हातात घ्यावा लागेल.

उद्या ऑस्ट्रेलियासारखी बंदी इथे आली तरी फार फरक पडणार नाही. तिथली बंदी मुलाच्या अकाउंटवर आहे. आमच्याकडे मुलाचं अकाउंट मोठ्यांच्याच नावावर असतं.

काढून घेतला की प्रश्न मिटला?

"मग देऊच नका फोन पोरांना!" हे उत्तर कट्ट्यावर लगेच मिळतं. पण कोणाचा फोन आधी जातो, ते बघा. अकरावीत आमच्या वर्गातल्या एका मुलीचे फोटो उचलून कुणीतरी तिच्या नावाने खोटं अकाउंट काढलं. तिने धीर करून घरी सांगितलं. घरच्यांनी काय केलं? तिचा फोन काढून घेतला. खोटं अकाउंट तसंच राहिलं, तिच्या भावाचा फोनही तसाच राहिला, आणि ऑनलाइन तासांना तिचं नाव दिसेनासं झालं. तिचं बघून आम्ही बाकीच्या मुली एक धडा शिकलो, काही झालं तरी घरी बोलायचं नाही.

वयाच्या अटीबद्दल मला खरी भीती याचीच वाटते. खोटं वय टाकून आत गेलेल्या मुलीला उद्या कुणी त्रास दिला, तर आपणच नियम मोडलाय या धाकाने ती आणखी गप्प बसेल. म्हणून कायदा नकोच, असं मी म्हणत नाही. मुलांवरची पाळत आणि हेरून दाखवलेल्या जाहिराती थांबणार असतील, दंड मुलांऐवजी कंपनीला होणार असेल, तर चांगलंच आहे. पण घरातली मोठी माणसं तयार झाली नाहीत, तर तो कायदा मावशीच्या उंबऱ्यापाशीच थांबेल.

महाराष्ट्रातल्या गावांनी आपापले उपाय करून बघितलेत. २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दुसरी वाट धरली. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही, मोबाईल बंद. पोरांनी अभ्यासाला बसायचं आणि मोठ्यांनीही मालिका बघायच्या नाहीत. मला वडगावचं जास्त पटतं, कारण भोंगा सगळ्यांसाठी वाजतो.

फांगणेच्या आज्या

पण आमच्या भागाला बाहेर बघायचीही फार गरज नाही. २०१६ हे साल आठवा. त्या सप्टेंबरमध्ये जिओचं फुकट इंटरनेट आलं आणि माझ्यासारखी सातवीतली पोरं ऑनलाइन झाली. डिसेंबरमध्ये, नोटाबंदीनंतर, मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं 'कॅशलेस गाव' म्हणून गाजलं, दुकानदुकानांत स्वाइप मशीन आली. यंत्र आमच्याकडे वेळेवर पोचतं. ते समजावून सांगणारं माणूस मागे राहतं.

मात्र त्याच वर्षी, ८ मार्चला, याच तालुक्यातल्या फांगणे गावात एक शाळा सुरू झाली होती. आजीबाईंची शाळा! जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावकऱ्यांच्या आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साथीने ती उभी केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत येऊ लागल्या. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या बायका सही करायला शिकल्या. आजीचा गृहपाठ नातवंडं घेतायत, ही बातमी जगभर गेली.

आता फांगणेची ती युक्ती फोनवर लावून बघायला काय हरकत आहे? आजीने पाटी हातात घेतली तेव्हा नातवाची पाटी कुणी काढून घेतली नव्हती.

आणि इथे आपण येतो

शहापूर, मुरबाडच्या कॉलेजांतले बरेच जण एनएसएसमध्ये आहेत. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. श्रमदान करतो, बंधारा घालतो, पथनाट्य करतो. त्यातली फक्त एक संध्याकाळ पाड्यावरच्या आई-बाबांना देऊ. पाच गोष्टी पुरतील. फोनचं लॉक स्वतःला उघडता येणं. ओटीपी म्हणजे आपली सही, हे कळणं. मुलाचं अकाउंट 'प्रायव्हेट' कसं करायचं. नको त्या माणसाला ब्लॉक आणि रिपोर्ट कसं करायचं. आणि दोन नंबर पाठ, मुलांच्या मदतीसाठी १०९८, सायबर गुन्ह्यासाठी १९३०. भाषणं नकोत. प्रत्येकीच्या हातात तिच्याच घरचा फोन हवा.

मी सुरुवात मावशीपासून केली. दोन दुपारी बसलो. पहिल्या दिवशी लॉक उघडायलाच अर्धा तास गेला आणि मावसबहीण तोंडावर ओढणी धरून हसत होती. दुसऱ्या दिवशी मावशीने लेकीचं अकाउंट उघडायला सांगितलं, तेव्हा तिचं हसू थांबलं. मला वाटलं, आता फोन जप्त होणार. मावशी बराच वेळ एकेक नाव बघत राहिली. अर्ध्या नावांना चेहराच नव्हता. मग मला म्हणाली, "यातलं कुणी वंगाळ बोललं, तर हिने काय दाबायचं? ते दाखव आधी."

मी दाखवलं. तिने स्वतःच्या बोटाने दोनदा करून बघितलं. मग फोन लेकीच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "असं झालं तर पहिलं मला सांगायचं. मी रागावणार नाही."