पाऊण लाखाचा गेमिंग पीसी: कोटेशन कसं वाचायचं

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून लॅमिंग्टन रोडवर गेलात (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण पीसी घेणारं कुणी त्या नावाने रस्ता विचारत नाही) आणि कुठल्याही दुकानात ‘पंच्याहत्तर हजारांत गेमिंगचा पीसी बसवायचाय’ म्हणालात, की पाच मिनिटांत हातात कोटेशन पडतं. त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: प्रोसेसर आय फाइव्ह, रॅम १६ जीबी, एसएसडी ५०० जीबी, ग्राफिक कार्ड ८ जीबी, एसएमपीएस ४५० वॉट, कॅबिनेट आरजीबी. खाली बेरीज. बेरीज बरोबरच असते. घोळ वरच्या ओळींत असतो, कारण त्यातल्या एकाही वस्तूचं पूर्ण नाव तिथे नाही. आय फाइव्ह हे नाव २००९ पासून चालत आलंय. १६ जीबी रॅम एका पट्टीची की दोन पट्ट्यांची, ते कळत नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे दुकानदाराकडून प्रत्येक ओळीपुढे कंपनी आणि मॉडेल नंबर लिहून घेणं. त्याला राग येत नाही. आला, तर शेजारी दुकानं भरपूर आहेत.

या कोटेशनमध्ये मॉनिटर मात्र नाही, आणि खरेदीचा हिशेब खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवा. १०८० पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण पावणेएकवीस लाख ठिपके. १४४० पी म्हणजे जवळजवळ सदतीस लाख, आणि फोर के म्हणजे ब्याऐंशी लाखांच्या वर. दर फ्रेमला इतके ठिपके रंगवायचं काम ग्राफिक कार्डाचं. म्हणजे मॉनिटर ठरला, की कार्डावर किती ओझं पडणार ते बरंचसं ठरलं. पंच्याहत्तर हजारांत मॉनिटरही बसवायचा असेल, तर १०८० पीवरच थांबावं असं माझं मत आहे: २४ इंची, आयपीएस पॅनेल, १४४ हर्ट्झ किंवा त्याहून थोडा वरचा. दहा हजार त्याला बाजूला काढले, की डब्यासाठी पासष्ट उरतात.

आता तो डबा आतून कसा चालतो ते बघू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांच्या किंचित वर वेळ मिळतो. १४४ हव्या असतील तर सातसुद्धा नाहीत. तेवढ्या वेळात प्रोसेसर शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचं याची यादी तयार करतो आणि कार्ड ती यादी घेऊन चित्र रंगवतं. एकाने पोळ्या लाटायच्या आणि दुसऱ्याने भाजायच्या, असा हा मामला आहे. लाटणारा हळू असेल तर तवा रिकामा तापत राहतो. भाजणारा हळू असेल तर लाटलेल्या पोळ्यांची चळत साचते. ताटात पोळ्या पडतात त्या दोघांतल्या हळू माणसाच्या वेगाने. म्हणून कोटेशन वाचताना विचारायचं ते हे, की मी खेळणार त्या गेममध्ये यातलं कोण कोणासाठी थांबून राहील? थांबणाऱ्यावर घातलेले जादा पैसे वाया जातात.

हे डोळ्यांनी बघता येतं. एखाद्या मित्राच्या पीसीवर तुमचा गेम लावा आणि विंडोजची कळ व जी एकत्र दाबा. परफॉर्मन्सची छोटी चौकट उघडते. कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्क्यांवर टेकलेला असेल, तर कार्ड पूर्ण राबतंय आणि प्रोसेसर त्याच्यासाठी थांबलाय. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरीही फ्रेम कमी पडतायत, तर प्रोसेसर पुरा पडत नाहीये. यात एक चकवा आहे. प्रोसेसरचा आकडा ४० टक्केच दिसला म्हणून तो निवांत आहे असं समजू नका. तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो, आणि गेमचं मुख्य काम एकदोन कोअरवर अडून बसलेलं असू शकतं. भरवशाचा आकडा कार्डाचा.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला चित्र साधं चालतं, पण फ्रेम भरमसाट हव्या असतात. तिथे प्रोसेसर आधी दमतो. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये उलट: चित्रच इतकं भरगच्च की कार्डाला धाप लागते. बहुतेकांना थोडं हे आणि थोडं ते हवं असतं. त्यांच्यासाठी पासष्टातले पंचवीस-सव्वीस हजार कार्डाला, वीसेक हजार प्रोसेसर आणि मदरबोर्डाला मिळून, आणि बाकीच्यात रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, अशी वाटणी मी करेन. ओढाताण होते, त्यात शंका नाही. त्यातून २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांमुळे जे भडकले, त्याने आधीचे सगळे ठोकताळे मोडले. त्यामुळे ही वाटणी दुकानात जायच्या दिवशी नव्याने मांडायची.

कार्डाच्या ओळीत ‘८ जीबी’ लिहिणं म्हणजे गाडीचं नाव न सांगता फक्त टाकी किती लिटरची ते सांगणं. आरटीएक्स ३०५० हे नाव घ्या. ते ८ जीबीतही मिळतं आणि ६ जीबीतही. वाटतं, फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ६ जीबीच्या कार्डातले कोअरही कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही १२८ बिटांऐवजी ९६ बिटांचा आहे. नाव तेच, कार्ड वेगळं. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत येतात. १०८० पीवर आज ८ जीबी बहुतेक गेमना पुरतात, पण टेक्स्चर अगदी वरच्या पायरीवर नेली की नवे गेम ती मर्यादा ओलांडतात आणि चित्र अडखळायला लागतं. जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर आणखी एक बघा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेम रे ट्रेसिंगची सोय कार्डातच नसेल तर सुरूच होत नाही. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६६० सारख्या कार्डांना तिथे प्रवेश नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत एका आकड्याने घोटाळा होतो. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५५०० दोन्ही सहा कोअरचे, एकाच सॉकेटचे. पण ५५०० मध्ये एल थ्री कॅश निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि तो पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीवरच थांबतो. गेमना कॅश फार मानवते. शिवाय आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० सारखी कार्डं सोळाऐवजी आठच लेन वापरतात. चौथ्या पिढीच्या बोर्डावर आठ लेन पुरून उरतात. तिसऱ्या पिढीवर रस्ता निम्मा अरुंद होतो, आणि कार्डाची स्वतःची मेमरी भरली की तो अरुंदपणा टोचायला लागतो. ए५२० चिपसेटचे मदरबोर्डही तिसऱ्याच पिढीचे आहेत. म्हणून मी ५६०० सोबत बी५५० घेईन. इंटेलकडे याच पायरीवर आय फाइव्ह १२४००एफ आहे. नावामागचा एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळी.

एएमफोर घ्यावं की एएमफाइव्ह, हा प्रश्न दुकानात हमखास निघतो. एएमफोर सॉकेटवर २०१७ पासून पाच-सहा वर्षं नवे प्रोसेसर बसत राहिले, अनेकांनी बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलला. आता त्याची वाट संपली आहे. एएमफाइव्ह २०२२ चं, आणि २०२७ व त्यापुढेही त्याला आधार देऊ असं एएमडीने सांगितलंय. त्याला मात्र डीडीआर५ रॅमच लागते. घरात जुन्या पीसीची डीडीआर४ रॅम चांगल्या अवस्थेत पडून असेल तर एएमफोर घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. सगळंच नवं घ्यायचं असेल आणि तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएमफाइव्ह.

रॅम दोन पट्ट्यांत घ्या, ८ आणि ८. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन मिळून ५१.२. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी भरायची. घाईत शेजारीशेजारी लावलेल्या पट्ट्या दिसायला नीटनेटक्या दिसतात, पण बहुतेक बोर्डांवर त्या एकाच चॅनेलवर जातात. त्यानंतर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं. नाही केलं तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत बसते, आणि पैसे मात्र ३२०० चे गेलेले असतात.

एसएसडीवर फार वेळ घालवू नका. साटाची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास, एनव्हीएमई काही हजार. गेममधल्या फ्रेम त्याने वाढत नाहीत, लोडिंगमध्येही फरक काही सेकंदांचाच. साधी एनव्हीएमई घ्या, पण १ टीबीची. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १५० जीबी मागतो. विंडोज धरून ५०० जीबीत असे दोन गेम मावतात, तिसऱ्याला जागा करून द्यावी लागते.

आता कोटेशनमधली सगळ्यांत दुर्लक्षित ओळ, ‘एसएमपीएस ४५० वॉट’. हा डबा हातात घेऊन कडेचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरांतला ४५० सोडून द्या. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती लिहिलेत ते बघा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. तिथे १८ अँपिअर असतील तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॉट. बाकीचे आकडे ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांतून गोळा करून ४५० केलेले असतात, आणि गेमिंगला त्यांचा उपयोग जवळपास नाही. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ४५ च्या आसपास अँपिअर दिसतात, म्हणजे जवळपास सगळी ताकद जिथे हवी तिथे. आरटीएक्स ४०६० ची मर्यादा ११५ वॉट, प्रोसेसर ६५ चा, बाकी सगळं धरून आपला पीसी अडीचशेच्या आत-बाहेर राहतो. ७५० वॉटचा विकत घेऊन काही साधत नाही. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो. व्होल्टेज उसळलं तर आतलं संरक्षण काम करेल की नाही, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची ते बघा, पाच असली तर कंपनीला आपल्या मालाची खात्री आहे असं धरायला हरकत नाही. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस दुकानातच ठेवून या.

याच ओघात यूपीएस. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास देतो. मॉनिटर धरून गेम चालू असताना तो काठावर येतो, आणि वीज गेली की सेव्ह करायलाही वेळ मिळत नाही. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. तसंच कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक मुंग्या येत असतील तर पीसी परत करायला धावू नका. बहुधा तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट पत्र्यावर येतोच, त्याने अर्थिंगच्या तारेतून निघून जायचं असतं. वायरमनला बोलवा.

कॅबिनेटला समोरून जाळी हवी, काच नको. फॅन कितीही असले तरी आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ती पंचेचाळीसच्या घरात जाते. समोर दोन फॅन हवा आत घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं या बजेटच्या पीसीला पुरतं. ५६०० सोबत डब्यात आलेला कूलर चालतो. पाण्याच्या कूलरचे पैसे कार्डात घाला.

पीसी बसवून झाला की मॉनिटरची केबल कार्डाच्या खोबणीत लावा, मदरबोर्डाच्या नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट १४४ केलाय का ते बघा, बऱ्याचदा तो ६० वरच राहून गेलेला असतो. व्हॅलोरंट खेळणार असाल तर विंडोज ११ वर त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात, तेही बायोसमध्येच बघून घ्या. दुकानातून निघण्याआधी १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर ‘असेंबल्ड पीसी, १ नग’ असं एका ओळीत न लिहिता प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. दोन वर्षांनी फक्त रॅमची एक पट्टी बदलून घ्यायची वेळ आली, तर सर्व्हिस सेंटर त्या पट्टीचा नंबर मागतं.