इंग्रजांची मुले वाचायला कशी शिकतात?



कारखान्यातला कामगार पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी शाळेत घालतो. तेव्हा खुद्द इंग्लंडातली मुले वाचायला कशी शिकतात, हे आपण एकदा नीट पाहिले पाहिजे.

मराठीत 'क' हे अक्षराचे नाव आणि तोच त्याचा उच्चार. बाराखडी हाती आली की मूल नवा शब्दही वाचते. इंग्रजीत अक्षरे 26 आणि ध्वनी सुमारे 44. शिवाय अक्षराचे नाव एक, उच्चार दुसरा. आपल्याकडे मुले घोकतात, 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर'. पण ही तीन नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून 'कॅट' निघत नाही, 'सीएटी'च निघते. मूल शब्द वाचत नाही, पाठ म्हणते.

इंग्लंडातही पूर्वी शब्दाचा आकार पाहून किंवा चित्रावरून अंदाज बांधायला शिकवीत. 2006 साली जिम रोझ यांच्या अहवालाने, आधी ध्वनी क्रमाने शिकवा, अशी शिफारस केली. आता चार-पाच वर्षांच्या मुलांना बहुतेक शाळांत प्रथम एस, ए, टी, पी, आय, एन ही अक्षरे देतात. नावाने नव्हे, ध्वनीने. कारण एवढ्या सहांतून सॅट, पिन, टॅप असे कितीतरी शब्द जुळतात. पुढे एस आणि एच मिळून 'श' होतो हे कळते. म्हणजे 'शिप' या शब्दात अक्षरे चार, पण ध्वनी तीनच. सरावाची पुस्तकेही शिकलेल्या ध्वनींचीच असतात.

2012 पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची तेथे चाळीस शब्दांची तोंडी चाचणी होते. त्यांतले वीस शब्द निरर्थक असतात. हेतू हा, की पाठांतरावर निभावू नये. तेथील शिक्षकांच्या संघटनांनी या चाचणीला विरोध केला. निरर्थक शब्द वाचणे हे वाचन नव्हे, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य आहे. गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 साली मांडले, की वाचन म्हणजे अक्षरे उलगडण्याची शक्ती गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार! एक बाजू शून्य असली तर उत्तर शून्य.

आता आपल्याकडे पाहा. इंग्रज मूल शाळेत येते ते इंग्रजी बोलतच. 'टॅप' हा शब्द जुळला की अर्थ आपोआप मिळतो. आपले मूल तोच शब्द बिनचूक वाचील, पण त्या शब्दाशी त्याची ओळखच नसेल, तर गुणाकाराचे उत्तर काय येणार?

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याला माझा विरोध नाही. परंतु वाचनाची किल्ली मुलाच्या हाती प्रथम मायबोलीतच द्यावी आणि इंग्रजी तोवर कानांवर व जिभेवर रुळू द्यावे, असे मला वाटते. आमच्या चळवळीत इंग्रजी करारावर न समजता सह्या करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. त्यांना आपली सही इंग्रजीत करता येत होती. कशावर करतो आहोत, ते कळत नव्हते.

म्हणून पालकांनी शाळेत गेल्यावर गणवेश आणि फलक पाहून थांबू नये. न शिकवलेला एखादा सोपा शब्द मुलाला वाचता येतो का आणि वाचलेले स्वतःच्या भाषेत सांगता येते का, एवढे दोन प्रश्न जरूर विचारावेत. फी भरणाऱ्याचा तो हक्क आहे आणि न भरणाऱ्याचाही.