पोस्टरवर बोट दिसते, खलाशी कुठेत?

ऑनलाइन मागवलेली कितीतरी पार्सलं आपल्या भिवंडीच्या गोडाऊनांतूनच सुटतात. त्यात जुन्या आगबोटींची 'विंटेज' पोस्टर्सही असतात. कॅफेच्या भिंतीवर तुम्ही पाहिलीच असतील. तर आज त्यांच्याबद्दल.

मुळात ही तिकिटं खपवायची जाहिरात! १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, आफ्रिकेचा वळसा वाचला आणि मुंबई-विलायत प्रवास सोपा झाला. १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेला निघाले, तेही मुंबईहून बोटीनंच. बोटीचं नाव 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया', कंपनी पी अँड ओ. अशा कंपन्यांत गिऱ्हाइकासाठी चुरस असायची, म्हणून पोस्टर झकास लागायचं.

त्यातली युक्ती बघा. फ्रेंच चित्रकार कासांद्र यांचं १९३५ चं 'नॉर्मंडी' पोस्टर गूगल करा. बोट आपण पाण्याच्या पातळीवरून, अगदी समोरून बघतो. खाली चिमुकले पांढरे पक्षी, वर आभाळ झाकणारी बोट. पक्षी इतके बारीक, म्हणूनच बोट डोंगराएवढी वाटते. छपाई लिथोग्राफीची, त्यात प्रत्येक रंगाचा छाप वेगळा. म्हणून रंग मोजके, आकार ठसठशीत, लांबूनही नजरेत भरणारे.

आता यात काय नाही ते शोधा. बोट आहे, ऐट आहे. पण ती चालवणारे हात? पी अँड ओच्या मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकची कामं करायला कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी असत. खाली बॉयलरच्या धगीत कोळसा ओढायला पंजाबी आणि पठाण. जेवण वाढायला, केबिन आवरायला गोव्याचे लोक. पगार गोऱ्या खलाशांपेक्षा फारच कमी, झोपायची जागाही अपुरी. 'आरामात प्रवास करा' असं सांगायचं, तर घामाघूम माणूस चित्रात चालणार कसा?

पोस्टर खुशाल लावा, ते सुंदरच आहे. फक्त त्यालाच इतिहास समजू नका. कोकणातल्या कितीतरी घरांत 'आजोबा बोटीवर होते' एवढंच वाक्य उरलंय. तुमच्या घरात असेल, तर आजच विचारा: कुठली बोट, काय काम, किती महिने घराबाहेर? आणि उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. हे कुठल्याच पोस्टरवर छापलेलं नाही.

भेटू पुढच्या भागात!