संहिताशुद्धी आणि मराठीचा ‘र’

संगणकावर शब्दसूची सिद्ध करण्यापूर्वी संहितेतील अनावश्यक चिन्हे काढून टाकावी लागतात. पायथॉन या आज्ञावलीच्या भाषेत त्याचे दोन मार्ग संभवतात : केवळ अक्षरे राखून बाकी सर्व वगळणे, किंवा नको ती चिन्हे नेमकी निवडून वगळणे.

पहिला मार्ग रोमन लिपीस मानवतो, देवनागरीस नव्हे. ‘इजअल्फा’ ही तेथील कसोटी काना-वेलांटीस अक्षर मानीत नाही. त्यामुळे ‘मराठी’चे ‘मरठ’ होते.

दुसरा मार्गही निर्धोक नाही. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठविला जातो : ‘ऱ’ आणि हलन्तचिन्ह योजून, अथवा साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य संयोजक (युनिकोड क्रमांक २००डी) योजून. हा संयोजक निरुपयोगी समजून सरसकट गाळला, की दुसऱ्या प्रकारच्या ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि डोंगरातल्या दरीचा समुद्र बनतो. ‘आचाऱ्याला’ धाडलेला निरोप ‘आचार्याला’ पोचतो. यास्तव ‘र’, हलन्तचिन्ह व संयोजक या त्रयीच्या जागी प्रथम ‘ऱ’ व हलन्तचिन्ह घालावे. उरलेले संयोजक मग काढावेत.

पाठसंपादकाचा विवेक येथेही तोच : गाळण्यापूर्वी त्या चिन्हाचे कार्य जाणून घ्यावे.